मॅटची सवय

हंगाम संपला. कबड्डीचा संघ एकूण एक सामना हरून आला आणि कॉलेजच्या वार्षिक अहवालात कारण छापून आलं : 'खेळाडूंना मॅटची सवय नसल्याने.' कॉलेजचं नाव विचारू नका. पालघरपासून बोईसरपर्यंत ज्याला टोपी बसेल त्याने खुशाल घालावी.

सवय नाही हे खरंच. संघातली एडवणची पोरं सराव करतात किनाऱ्यावर, तोही ओहोटीला. भरतीला मैदान समुद्राच्या ताब्यात. ओल्या वाळूत पाय आधी सरकतो, मग रुततो, आणि त्या सरकण्यावरच सगळी चढाई बेतलेली. मॅटवर पाय जिथल्या तिथे थांबतो, धड पुढे जातं, गुडघा मधल्या मध्ये. म्हणून मॅटवर बूट लागतात. बारा जणांच्या संघात बूट सात जोड. बदली खेळाडू आत जाताना बाहेर येणारा लेस सोडत बसतो आणि पंच घड्याळाकडे बघत बसतात.

पण मॅट नाही असं कोण म्हणालं? मॅट आहे! नारळ फुटलाय, फोटो निघालेत. मैदान 13 बाय 10 मीटरचं, मॅट येते मीटर-मीटरच्या चौकोनी तुकड्यांत, एकमेकांत दात अडकवून बसवायची. म्हणजे 130 तुकडे. फक्त, खेळून खराब होईल म्हणून ती अंथरत नाहीत. एक तुकडा हेडक्लार्कच्या पायांखाली, कारण फरशी गार लागते. दोन झेरॉक्स मशीनखाली. चार व्यासपीठावर, पाहुण्यांच्या खुर्च्या डुगडुगतात म्हणून. एक वॉटर कूलरखाली पाणी शोषायला; तो शोषत नाही, म्हणून त्याच्यावर दुसरा. वीसेक 21 जूनला योगदिनासाठी सभागृहात गेले, ते अजून शवासनातच आहेत. उरलेले कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली क्रीडाप्रमुखांकडे, क्रीडाप्रमुखाची जागा रिकामी, कार्यभार अर्थशास्त्राच्या सरांकडे आणि सर परीक्षेच्या कामात. तपासणी समिती येते त्या दिवशी मात्र सगळे तुकडे आपापल्या बिळांतून निघतात आणि दोन तासांत मैदान उभं राहतं. पोरांना ताकीद मिळते : कडेला थांबा, वर चढू नका.

अमेरिकेत कॉलेजचा फुटबॉल संघ, म्हणजे हेल्मेट घालून चेंडू काखेत मारून पळतात तो, हंगामभर हरला की प्रशिक्षकाच्या हातावर कराराचे उरलेले लाखो डॉलर ठेवून त्याला घरी पाठवतात. आमच्याकडे काढून टाकायलाही प्रशिक्षक नाही. मग दोष कोणाचा? पोरांचा.

इथे मला विनोद सुचत नाही. त्या संघाचा डावा कोपरारक्षक बोईसरच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. सकाळच्या गाडीने सफाळ्याला उतरतो, बसने गाव गाठतो, ओहोटी असेल तर सराव, नसेल तर झोप. सामन्याच्या दिवशी त्याच्या वाट्याला भत्ता म्हणून दोन वडापाव आणि लोण चढला की 'दम कमी पडला' हा शेरा. क्रीडा शुल्क मात्र त्याच्या पावतीवर दरवर्षी न चुकता. पैसे त्याने भरायचे, पाय हेडक्लार्कने ठेवायचे आणि सवय नाही म्हणून बोल पुन्हा त्यालाच? छापताना थोडी तरी लाज वाटली का?

तेव्हा पुढच्या हंगामाचा संघ मीच सुचवतो. ज्यांना मॅटची सवय आहे त्यांनीच उतरावं. उजव्या कोपऱ्यात हेडक्लार्क. एका तुकड्यावरून वर्षभर न हलण्याचा दांडगा अनुभव. पकडीला अर्थशास्त्राचे सर; किल्लीवरची त्यांची पकड आजवर कोणाला सोडवता आलेली नाही. चढाईला संस्थेचे अध्यक्षसाहेब. तीस सेकंद एका दमात एकच शब्द म्हणायचा असतो. साहेब गॅदरिंगला एकच मुद्दा अख्ख्या सामन्याइतका, 40 मिनिटं, घोळवतात. पोरांची काळजी नको. ती कडेला थांबतील. वर चढायचं नाही, हे त्यांना आता पाठ झालंय.