जागा करू!

प्रत्येक शाळेत एक संपादक सर असतात. नेमणुकीच्या पत्रात 'सहायक शिक्षक, मराठी' एवढंच असतं. पण कुठल्याशा वर्षी शाळेचा वार्षिक अंक त्यांच्या गळ्यात पडतो आणि मग तो निघत नाही. ऊर्जानगरात, म्हणजे चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत, माझ्या शाळेतही असे एक आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत मुख्याध्यापक बदलले, 2005 साली विद्युत मंडळाची महानिर्मिती झाली, औष्णिक केंद्राचे जुने दोन संच बंद पडले आणि नवे दोन उभे राहिले. अंक मात्र सरांकडेच राहिला. पोरं त्यांना 'संपादक सर' म्हणतात, शिपाई म्हणतो, आणि गॅसचं सिलिंडर आणणारा माणूससुद्धा क्वार्टरच्या खालून तशीच हाक मारतो.

सरांच्या खिशात कायम तीन पेनं असतात. लाल पेन प्रुफासाठी, निळं हजेरीसाठी, आणि तिसरं न चालणारं. ते कुणी पेन मागितलं की द्यायला. काखेत रबर लावलेली फाईल. ऊर्जानगरात वाळत घातलेला कपडा झटकूनच घरात घ्यायचा असतो, तशी सर ही फाईलही उघडण्याआधी दोनदा झटकतात. राख उडाली की म्हणतात, "हं, वाचा आता."

डिसेंबरात फळ्यावर सूचना लागते: साहित्य देण्याची अंतिम तारीख 6 जानेवारी. ही तारीख उगीच नाही. 1832 साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, म्हणून तो पत्रकार दिन. सर परिपाठात 'दर्पण'पासून सुरुवात करतात, 1909 च्या 'मनोरंजन'च्या दिवाळी अंकापाशी पोचतात, तेवढ्यात पहिल्या तासाची घंटा होते. आणि 6 जानेवारीला एकूण साहित्य किती येतं? मॉनिटरची एक कविता. विषय 'आई'.

खरी तारीख संक्रांतीनंतरची, हे पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं. तिळगूळ द्यायला येणाऱ्याच्या दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद असतो. सर गोड बोलतात आणि तो कागद फाईलमध्ये ठेवतात. प्रकाशन 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी. ही एकच तारीख हलत नाही. दहावीची पोरं परीक्षेच्या धामधुमीतही त्या दिवशी अंक न्यायला येतात. बाकीच्या तारखा आम्ही एकमेकांना सोयीनं सांगतो. सर पोरांना खोटी तारीख सांगतात, मी सरांना, आणि डीटीपीवाला आम्हा सगळ्यांना. कुणीच कुणावर विश्वास ठेवत नाही, म्हणून अंक वेळेवर निघतो.

मी विज्ञानाचा माणूस. "तुमचं अक्षर बरं आहे" एवढ्या पुण्याईवर मला सहसंपादक केलं. खरी सत्ता पोरांच्या हातात. नववीतली एक मुलगी पानांचा हिशेब ठेवते. तिच्या वहीपुढे सरही नमतात. एक पोट्टा जाहिराती आणतो. दुर्गापूरचं सायकल दुकान, मिठाईवाला, झेरॉक्सवाला, सगळे पाव पानाचे 'शुभेच्छुक'. पूर्ण पान फक्त ट्यूशन क्लासवाले घेतात आणि त्यावर आपल्या गुणवंतांचे फोटो टाकतात. ते गुणवंत अर्थातच आमचेच. त्यामुळे दरवर्षी तेच सहा चेहरे अंकात दोनदा येतात, एकदा शाळेचे म्हणून आणि एकदा क्लासचे म्हणून. सर म्हणतात, "पोरगं एकच, पण मार्क दोघांचे."

दुसऱ्या कुठल्या शाळेत संपादक मंडळ रात्री आठपर्यंत बसत असेल. आमच्याकडे ती सोय नाही. एका अंगाला ताडोबाचं जंगल, मध्ये झुडपी माळ आणि मोकळी जागा, त्यामुळे वसाहतीत बिबट फिरतो, अस्वलही दिसतं, आणि इथल्या लोकांनी त्याची किंमत मोजली आहे. म्हणून अंधार पडायच्या आत पोरं घरी गेलीच पाहिजेत. संपादकीयाच्या एका वाक्यावर पाऊण तास घालवणारे सर, सावल्या लांबल्या की झटक्यात उठतात. "चला, बाकीचं उद्या. गटानं जा, मागे कुणी राहू नका." सरांच्या आयुष्यात काटेकोर पाळली जाणारी वेळ एवढीच.

पण काम लांबतं ते पोरांमुळे नाही की बिबट्यामुळे नाही, सरांच्या एका वाक्यामुळे. ते वाक्य म्हणजे "जागा करू."

छपाईत पानं सुटी विकत मिळत नाहीत. आठाच्या पटीत जावं लागतं, कारण कागद घडी घालून कापायचा असतो. समजा, मजकूर भरला 67 पानांचा. शहाणा माणूस काय करेल? तीन पानं गाळेल, 64 वर अंक बंद करेल. सर 67 वर विचारात पडतात. तीन पानं गाळायची म्हणजे चार-पाच पोरं गाळायची. त्यापेक्षा 72 करू! मग पाच पानं कमी पडतात. सर वर्गावर्गांत जाऊन सांगतात, "पाच पानं हवीत, द्या." पोरं नऊ पानं आणतात. झाली 76. आता 80 करायला चार हवीत. सर पुन्हा वर्गात. पानं मोजणारी मुलगी कपाळाला हात लावते. "सर, हे वाढूनच राह्यलं ना जी!" सर शांतपणे म्हणतात, "वाढू दे. बांबू गडचिरोलीचा, पेपर मिल बल्लारपूरला. कागदाची काळजी आपल्या जिल्ह्यात करायची नसते." मुख्याध्यापकांना मात्र कागदाच्या बिलाची काळजी करावीच लागते.

प्रुफं तपासायची ती रविवारी सकाळी, सरांच्या क्वार्टरवर. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापील प्रत बघायची, आणि वाचणाऱ्यानं विरामचिन्हंही उच्चारायची, हा सरांचा दंडक. त्यामुळे खालून जाणाऱ्याला ऐकू येतं: "आई स्वल्पविराम तू माझी सावली उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह." सर म्हणतात, "एकच ठेव. बाकीची दोन पुढच्या कवीला लागतील." ऱ्हस्व-दीर्घावर सर कुणाचं ऐकत नाहीत, 1962 चे शुद्धलेखनाचे नियम त्यांना क्रमांकासकट पाठ आहेत. पण चूक सापडते ती काकूंना. तर्री पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता त्या प्रुफावर एक नजर टाकतात आणि म्हणतात, "हे 'विद्यार्थी'चं 'विद्यार्थीं' कुठून आलं?" चौघांनी वाचलेल्या पानावर तो अनुस्वार तोवर आरामात बसलेला असतो.

चंद्रपुरातला डीटीपीवाला हे वेगळंच प्रकरण. हात सोन्याचा, पण तोंडात सदैव खर्रा. त्यामुळे सर बोलतात आणि तो हुंकारतो. जुनं साहित्य श्रीलिपीत, नवं पोरांच्या मोबाईलवरून युनिकोडमध्ये. एकातून दुसऱ्यात नेताना रफार उडतात आणि जोडाक्षरं फुटतात. सर लाल पेनानं हंसपद काढून देतात, तो मान डोलावतो, ती चूक दुरुस्त करतो आणि शेजारची एक नवी करतो. "अंक कधी मिळेल?" यावर तो बोटं दाखवतो. तीन. ते दिवस की तास, हे विचारायची सोय नाही, कारण उत्तर द्यायचं तर बाहेर जाऊन थुंकावं लागतं आणि तेवढ्या कारणासाठी तो थुंकत नाही.

अंकात काय असतं, ते तुम्ही तुमच्या शाळेत वाचलेलंच आहे. झाडावरच्या कविता, कुठून तरी उतरवलेले विनोद, 'तुम्हाला माहीत आहे का?' मध्ये इरई धरण आणि वीज केंद्राचे 2920 मेगावॅट. मुखपृष्ठावर चिमणी, वाघ आणि सरस्वती; चित्रकलेच्या सरांनी यंदा काही वेगळं करू म्हटलं की वाघ उजवीकडून डावीकडे येतो. आणि मग 'आमची ताडोबा सहल'. एकाच बसमधून गेलेल्या पोरांपैकी प्रत्येकाला वाघ दिसलेला असतो. कुणाला पाणवठ्यावर, कुणाला अगदी जिप्सीसमोर. मी त्या सहलीला होतो. आम्हाला सांबर दिसलं होतं. एका वर्षी सहावीतल्या पोरानं लिहून आणलं की वाघ दिसला नाही, भूक लागली होती, आणि संपादक सर बसमध्ये तोंड उघडं ठेवून झोपले होते. आम्ही तो कागद बाजूला ठेवला. सरांनी शोधून काढला, दोनदा वाचला, 'उघडं'वरचा अनुस्वार ठळक केला आणि लेख पहिल्या पानावर घेतला. "हा एकटाच ताडोबात जाऊन आलाय," म्हणाले.

सरांना स्वतःला लिहायची मोठी हौस होती असं काकू सांगतात. 1979 मध्ये चंद्रपुरात वामन कृष्ण चोरघड्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं, तेव्हा सर शाळकरी पोरगे, मांडवाच्या कडेला उभे. 2012 मध्ये वसंत आबाजी डहाके अध्यक्ष होते, तेव्हा सर तिन्ही दिवस पुस्तकांच्या दालनात. त्यांच्या कवितांची वही आहे म्हणतात. अंकात त्यांची कविता मी कधी पाहिली नाही. विचारलं की म्हणतात, "जागा कुठे असते?"

मुख्याध्यापकांचं मनोगत शेवटी येतं. खरं तर येत नाही. सर ते लिहून देतात, मुख्याध्यापक एक शब्द बदलतात, सर तो प्रुफात परत बदलतात.

गेल्या फेब्रुवारीत मात्र नवल घडलं. पानं मोजणाऱ्या मुलीनं तीनदा बेरीज केली आणि ओरडली, "सर, ऐंशी! बरोबर ऐंशी!" एक ओळ कमी नाही, जास्त नाही. मंडळात कुणी श्वासही मोठ्यानं घेईना. मी डीटीपीवाल्याला फोन लावला, म्हटलं, "कर बाबा बंद." पलीकडून होकाराचा हुंकार आला. तेवढ्यात दारात पाचवीतला एक पोट्टा उभा. शर्ट अर्धा बाहेर, हातात वहीतून फाडलेला, चारदा घडी घातलेला कागद.

"सर, तारीख गेली का जी?"

मी फोन कानाला तसाच धरून त्याला डोळ्यांनी जायला सांगत होतो. पानं मोजणारी मुलगी दोन्ही हातांनी खुणा करत होती. सरांनी चष्मा वर केला.

"तारीख? कसली तारीख? आण इकडे. जागा करू."

फोनमध्ये काही क्षण शांतता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, पावलं, दार, आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच ऐकला तो डीटीपीवाल्याचा स्वच्छ, मोकळा आवाज:

"सहसंपादक सर, त्यांना सांगा, आता अठ्ठ्याऐंशी. आणि सात पानं घेऊनच या म्हणा."