बसा, सरकारचा हुकूम आहे

म्युनिकमध्ये रिकामं बसण्याला कायद्याचं संरक्षण आहे. थट्टा नव्हे. २० एप्रिल १९९९ रोजी बव्हेरिया राज्याच्या सरकारने बिअर गार्डनसाठी स्वतंत्र नियमावली काढली. गाणीबजावणी रात्री दहापर्यंत, प्यायला देणं साडेदहापर्यंत, आणि घरून आणलेला डबा झाडाखाली सोडून खायची मुभा, असं सगळं तिच्यात रीतसर धरलेलं आहे. एरवी सरकार माणसाला उठवतं. इथे ते बसवतं.

नेमक्या याच शहरात महाराष्ट्रातून निघालेली ‘संपूर्ण युरोप’ सहल सकाळी साडेदहाला उतरते आणि दुपारच्या जेवणाला पुढच्या देशाच्या वाटेला लागते. मधल्या वेळात मरिएनप्लाट्झ चौकातल्या टाउन हॉलचं घड्याळ. अकराच्या ठोक्यानंतर मनोऱ्यातल्या ४३ घंटा वाजू लागतात, ३२ बाहुल्या फिरतात, १५६८ साली झालेलं एका ड्यूकचं लग्न पुन्हा लागतं, स्वारांची भाल्यांनी झुंज होते आणि बव्हेरियाचा स्वार रोज जिंकतो. सहलीतले काका हे सगळं मोबाइलच्या पडद्यात बघतात, कारण मान वर केली तर रेकॉर्डिंग हलतं. काकूंचं लक्ष स्वच्छतागृहाकडे, कारण तिथे पैसे पडतात आणि ते युरोत पडतात. मग टूर मॅनेजर मिटलेली छत्री उंच धरून माणसं मोजतो. म्युनिक ‘झालं’.

राहिलेलं म्युनिक तिथून पायी वीसेक मिनिटांवर सुरू होतं. त्याचं नाव इंग्लिश गार्डन. पसारा ३७० हेक्टरांच्या वर, म्हणजे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपेक्षा मोठा. बाग जर्मन शहरातली, नाव इंग्लिश, आणि ती सुचली बेंजामिन थॉम्पसन नावाच्या, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या गृहस्थाला. हा पुढे काउंट रमफोर्ड झाला. तोफांच्या नळ्या कोरताना पाणी का उकळतं याचा शोध त्याने इथेच घेतला आणि शहरातले भिकारीही त्यानेच १ जानेवारी १७९० ला एका दिवसात उचलून कामाला जुंपले. त्यांना बार्ली, वाटाणे आणि बटाट्याचं स्वस्त सूप पाजण्याचं पुण्यही त्याच्याच खात्यावर. बागेचा हुकूम तेव्हाच्या राज्यकर्त्याने सोडला तो १७८९ च्या ऑगस्टमध्ये. पॅरिसमध्ये बास्तीय कोसळून महिना झाला होता. जनतेला मोकळी हवा खाऊ घालण्याची निकड त्याला तेव्हाच का भासली, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

पुढच्यांनी सरमिसळ आणखी वाढवली. बागेत लाकडी चिनी मनोरा आहे. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात तो जळाला, १९५२ साली जसाच्या तसा पुन्हा उभा केला. टेकडीवर ग्रीक धाटणीचं गोल देऊळ आहे, ऑलिंपिकच्या वर्षी, १९७२ ला, जपानी चहाघर आलं. आणि या सगळ्या आंतरराष्ट्रीय संस्कृतीच्या मधोमध, चिनी मनोऱ्याच्या पायथ्याशी, सुमारे सात हजार माणसं बाकांवर बसून बव्हेरियन बिअर पितात. वर ब्रास बँड वाजतो. अस्मिता वगैरे कोणाची दुखावत नाही.

बागेतल्या एका हिरवळीवर ऊन पडलं की नागरिक कपडे काढून पहुडतात. पालिकेने अशा सूर्यस्नानासाठी शहरात जागा ठरवून दिल्या आहेत. बघणारा संकोचतो, पहुडलेला पान उलटतो. त्याच्या हातात वर्तमानपत्र असतं.

बागेच्या दक्षिण टोकाला आइसबाख नावाचा ओढा आहे. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तरी पुलाखालच्या उभ्या लाटेवर लोक १९७० च्या दशकापासून सर्फिंग करत आले. दोन्ही काठांवर काळे रबरी सूट घातलेली मंडळी फळी काखेत मारून रांगेत उभी. एकाने उडी घ्यायची, जमेल तेवढा वेळ तोल सांभाळायचा, पडला की पुढचा. पुढे घुसणारा कोणी नाही, नंबर लावायला रुमाल ठेवलेला नाही. कागदोपत्री मनाई होती तेव्हाही हे चालूच होतं. परवानगी २०१० साली मिळाली. मग २०२५ च्या शरदात ओढ्याची वार्षिक साफसफाई झाली. पाणी सोडलं आणि बघतात तर लाटच उठेना! पालिकेने काम इतकं चोख केलं की शहराचं एक प्रेक्षणीय स्थळ वाहून गेलं. ते परत आणण्यासाठी तज्ज्ञांना पाचारण करावं लागलं. पालिकेने गटार साफ केलं नाही म्हणून ओरडायची सवय असलेल्या वाचकाला ही तक्रार नवीन वाटेल.

इझार नदीचीही हीच तऱ्हा. एकोणिसाव्या शतकापासून तिला सरळ करून बांधून काढलं होतं. २००० ते २०११ या काळात शहरातल्या आठ किलोमीटरांवर सुमारे साडेतीन कोटी युरो खर्चून ते बांधकाम फोडलं, पात्र रुंद केलं, काठांवर गोटे आणि वाळू येऊ दिली. पूर आला तर पाण्याला पसरायला जागा हवी, हा हिशेब. म्हणजे ‘नदीसुधार’ या शब्दावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं, त्याच्या बरोबर उलट. फ्लाउखर भागात आता गोट्यांच्या बेटांवर पोरं डुंबतात आणि नेमून दिलेल्या जागी कोळशावर सॉसेज भाजतात. प्यायलेली बाटली कचराकुंडीत न टाकता शेजारी उभी करून ठेवायची रीत आहे. परत केलेल्या बिअरच्या बाटलीमागे आठ सेंट मिळतात, आणि बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणाऱ्यांना कुंडीत हात घालावा लागू नये एवढी समज.

आता डब्याचं. उन्हाळ्यात बिअर गाळायला १५३९ सालापासून बंदी होती. म्हणून गाळपवाल्यांनी नदीच्या उंच काठांत तळघरं खणली, वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावली, खडी पसरली आणि तिथेच बाक टाकून विक्री सुरू केली. गावातल्या खाणावळवाल्यांनी राजाकडे धाव घेतली. ४ जानेवारी १८१२ ला मॅक्स योसेफ राजाने निवाडा दिला, की तळघरवाल्यांनी बिअर आणि पाव विकावा, दुसरं जेवण नाही. दोन्ही धंदे खूश, आणि गिऱ्हाईक जेवण घरून आणू लागलं. ते आजतागायत. १९९५ मध्ये एका बिअर गार्डनला कोर्टाने रात्री साडेनऊला बंद व्हायला सांगितलं तेव्हा सुमारे पंचवीस हजार माणसं मोर्चाने रस्त्यावर आली. १९९९ ची नियमावली हे त्याच आंदोलनाचं फळ. लिटरच्या मगात बिअर कमी ओतली जाते, याविरुद्ध लढणारी एक नोंदणीकृत संघटनाही या शहरात आहे. लोकशाही मुरली की अशी खोल जाते.

डब्यातून निघतं काय? पांढरा मुळा. सुरीने मळसूत्रासारखा एकसंध कापायचा, फटींत मीठ भरायचं आणि पाणी सुटेपर्यंत ठेवायचा. मुळा ‘रडला’ की खायचा. सोबत मिठाचे खडे लावलेला ब्रेझन आणि ओबाट्झडा, म्हणजे पिकलेलं चीज, लोणी, कांदा, पाप्रिका आणि चमचाभर बिअर यांचा लगदा. मुळा आणि कांदा एकाच टेबलावर, शेजारी अनोळखी माणसं, तरी कोणी नाक मुरडत नाही. मांसाहाऱ्यांसाठी फिक्टुआलियनमार्क्ट या मंडईत पांढरं सॉसेज मिळतं, ते जुन्या रिवाजाने दुपारचे बारा वाजायच्या आत, साल काढून, गोड मोहरीसोबत खायचं.

आणि सहलीची जाहिरात कशाची असते? ‘रोज भारतीय जेवण’. बसमध्ये काकूंच्या पिशवीत चिवडा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. नाट्यगृहापासून सिनेमाघरापर्यंत ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई’ वाचत वाढलेल्या त्या पिढीने ती पिशवी सीटखाली दडवलेली. ज्या शहरात ती पिशवी दोनशे वर्षांच्या रिवाजाने आणि आता नियमावलीनेही कायदेशीर आहे, तिथे ती उघडायला बस थांबत नाही.

तेव्हा जाणाऱ्यांनी टूर मॅनेजरकडे एक दुपार मागून घ्यावी. बिअर गार्डनमध्ये टेबलावर कापड अंथरलेलं असेल तर तिथे वेटर येतो, ती जागा सोडावी. उघड्या लाकडी बाकावर बसावं. पेय मात्र तिथलंच घ्यावं लागतं, बिअर नको असेल त्याला सफरचंदाचा रस सोडा घालून मिळतो. मगाची अनामत परत मिळते, टोकन हरवू नये. चटणी दोन डबे न्यावी, शेजारचा मागेल.