चराचरात कोजिमा

एप्रिल 2021मध्ये नेदरलँड्समधल्या ब्लू बॉक्स गेम स्टुडिओज या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या कंपनीने ‘अबॅन्डन्ड’ नावाच्या व्हिडिओ गेमची छोटीशी झलक दाखवली. झलकेत जंगल होतं. त्यापलीकडे फारसं काही नव्हतं. जिथे काही दिसत नाही तिथे मुद्दाम लपवलेलं असतं, हा चाहत्यांच्या न्यायशास्त्राचा पहिला सिद्धांत. तपास सुरू झाला आणि लवकरच संशयित निश्चित झाला : हिदेओ कोजिमा, धंदा गेम बनवणे, राहणार जपान.

पुरावे भक्कम होते. स्टुडिओच्या प्रमुखाची आद्याक्षरं एच. के. आणि कोजिमांचीही एच. के.! ब्लू बॉक्स म्हणजे बी. बी., आणि कोजिमांच्या ‘डेथ स्ट्रँडिंग’मधलं ते काचेच्या कुपीतलं बाळही बी. बी.! (याच न्यायाने ब्रिजित बार्दो यांचीही चौकशी व्हायला हरकत नव्हती.)

पण हसण्याआधी संशयिताचा पूर्वेतिहास पाहायला हवा. 2001च्या ‘मेटल गिअर सॉलिड 2’च्या ट्रेलरांमध्ये नायक म्हणून मिरवला तो स्नेक. पैसे मोजून गेम घरी आणल्यावर कळलं की सुरुवातीचा भाग संपला की खेळायचंय ते रायडन नावाच्या भलत्याच पोराला घेऊन. मग डिसेंबर 2012मध्ये ‘द फँटम पेन’चा ट्रेलर आला. कंपनी स्वीडनची, नाव मोबी डिक स्टुडिओ, प्रमुख जोआकिम मोग्रेन. चाहत्यांनी जोआकिमची रोमन अक्षरं उलटसुलट केली आणि कोजिमा मिळाला. शीर्षकाभोवतीच्या बारीक रेषांत ‘मेटल गिअर सॉलिड 5’ही चपखल बसलं. मोग्रेनसाहेब तोंडाला बँडेज गुंडाळून मुलाखत देऊन गेले, तरी तिकडे ‘आम्ही नाही त्यातले’ चालूच. मार्च 2013मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर अखेर कोजिमांनी कबुली दिली.

ऑगस्ट 2014मध्ये पुन्हा तेच. ‘7780एस स्टुडिओ’ या बनावट नावाने ‘पी. टी.’ नावाचा फुकट डेमो आला. त्यातलं कोडं सुटायला निदान आठवडा लागेल, असा कोजिमांचा अंदाज होता. चाहत्यांनी ते काही तासांत फोडलं आणि आतून ‘सायलेंट हिल’ या भयगेम-मालिकेतल्या ‘सायलेंट हिल्स’ची घोषणा बाहेर पडली. पुढच्या वर्षी प्रकाशक कंपनी कोनामीने तो गेमच रद्द केला. म्हणजे खांबाला लाथ मारल्यावर दोनदा खरोखर नरसिंह निघाला होता. तिसरा खांब दिसल्यावर पाय कसा आवरणार?

ब्लू बॉक्सनेही हातभार लावलाच. जून 2021मध्ये त्यांनी जाहीर केलं की गेमचं खरं नाव इंग्रजी ‘एस’ने सुरू होतं आणि ‘एल’ने संपतं. सायलेंट हिल! मग माफी मागितली, संबंध नाही म्हणून सांगितलं. आपण कोजिमा नसून वेगळा माणूस आहोत हे पटवायला प्रमुखाला स्वतःचा व्हिडिओ काढावा लागला. हयातीचा दाखला मागणाऱ्या पेन्शन कार्यालयानेही एवढी अट घातलेली नाही. व्हिडिओ पाहून काहींचा संशय बळावलाच, कारण खरा माणूस मी खरा आहे असं कशाला सांगेल?

ऑगस्टमध्ये ‘अबॅन्डन्ड’चं खास ट्रेलर अॅप प्लेस्टेशन 5वर आलं. आधी ते तांत्रिक कारणाने अडलं. मग उघडलं तेव्हा काही सेकंदांचं दृश्य दिसलं : जमिनीवर चालणारे पाय. तेही स्टुडिओने ट्विटरवर आधीच टाकलेलं.

इकडे टोकियोत खऱ्या कोजिमांना चाहते रोज वीसेक चित्रं पाठवत होते, या स्टुडिओप्रमुखाशी त्यांचं नातं सिद्ध करणारी. त्या माणसाशी आपण एकदाही बोललेलो नाही आणि हा सगळा निव्वळ त्रास आहे, असं त्यांनी 2022मध्ये मुलाखतीत सांगून टाकलं.

‘अबॅन्डन्ड’ त्यानंतरही बाजारात आला नाही. जवळजवळ काहीच न दाखवता लोकांना इतकं ताटकळत ठेवणं कुणाला जमतं, हे तपास अधिकाऱ्यांना वेगळं सांगायला नको.