हिंजवडीचा विरक्त

हा माणूस ओळखायला सोपा. वय चाळिशीपार, गळ्यात कंपनीचा पट्टा, हुद्दा आर्किटेक्ट आणि तोंडी एकच वाक्य : "यात काही राम राहिला नाही." हिंजवडी फेज दोनपासून वाकडच्या पुलापर्यंत कंपनीची बस रांगते, तेवढ्या वेळात तो शेजारच्या पोराला देशी गायीच्या दुधाची महती सांगून टाकतो. पोराच्या कानात इअरफोन असले तरी सुटका नाही.

एकेकाळी हाच माणूस मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची सीडी रात्रभर जागून चढवायचा. पहाटे साउंड कार्डातून एकदाचा आवाज आला, की घरच्यांना उठवून ऐकवायचा! पुढे अँग्युलर जेएस शिकला, चौघांना शिकवलं. २०१६ साली अँग्युलर २ आलं. नाव तेच, आतून सगळं नव्याने लिहिलेलं. जुना कोड त्यात जसाच्या तसा चालेना. आपलं मन उडालं ते तेव्हा, असं तो म्हणतो. बायको म्हणते, लीड झाला आणि कोड सुटला तेव्हा. मला वहिनींचं पटतं. हल्ली स्टँडअपला तो म्यूटवर गांडूळखताचे व्हिडिओ बघतो आणि नाव पुकारलं की "ऑन ट्रॅक" एवढंच बोलतो.

उपाय काय कमी केले? लाकडी घाण्याचं तेल विकायचं ठरलं. बाटल्या आल्या, लेबलं छापून झाली, तेल तेवढं राहिलं. मग मुळशीत दोन एकर बघितले. तिथे कळलं की कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे शेतकरी व्हायला आधी शेतकरी असावं लागतं! "फ्रेशर पाहिजे, अनुभव दोन वर्षं, असं झालं हे," म्हणून तो भयंकर चिडला. तसल्या जाहिराती त्याचीच टीम काढते, हे त्या क्षणी कुणी बोललं नाही.

मग वडिलोपार्जित सातबारा आठवला. स्वारी कोरेगावला चुलतभावाकडे. वारसनोंद, फेरफार, तलाठी ही नावं घेऊन झाल्यावर भावाने त्याला आल्याच्या रानात नेलं. याने डोळे मिटले, वाकून मूठभर माती उचलली आणि नाकाशी नेली.

"हळू," भाऊ म्हणाला, "कालच औषध मारलंय."

बांधावर टेकल्यावर भावाने हळूच आपलं काम काढलं. "दादा, पोरगं बारावी झालं. सीईटीला बरे मार्क पडलेत. कुठल्या ब्रँचला घालू?"

"कम्प्युटर. दुसरीकडे बघूच नको."

"पण तूच तर म्हणतोस, त्यात राम नाही?"

"अरे, ते कळायला पंधरा वर्षं लागतात. तोवर फ्लॅट होतो."