टर्मिनसला ये

"पहाटे टर्मिनसला ये," एवढंच बोलून तात्यांनी फोन ठेवला. कोकणातली आमची माणसं मोबाइलवर अजून ट्रंककॉलचे पैसे पडत असल्यासारखी बोलतात. मी साडेपाचला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर हजर, आणि तात्या तिकडे कुर्ल्याला लोकमान्य टिळक टर्मिनसवर फणसाच्या पोत्यावर बसून माझ्या नावाने शंख करतायत.

"मुंबईत टर्मिनस तरी किती रे?" रिक्षात बसता बसता त्यांनी तोफ डागली.

मी वांद्र्यापासून मोजायला सुरुवात केली आणि अनेकवचनाशी अडलो. एक टर्मिनस, दोन टर्मिनस, की टर्मिनसं? मूळ लॅटिनात एक टर्मिनस, अनेक टर्मिनी. इंग्रज त्याला टर्मिनाय म्हणतात. रोमच्या मुख्य स्टेशनाचं नावच टर्मिनी आहे, त्यामुळे तिथे झाडून सगळ्या गाड्या संपत असणार, असा माझा कित्येक वर्षं समज होता. तो खोटा निघाला. स्टेशनासमोर डायोक्लेशियन बादशहाने बांधलेल्या स्नानगृहांचे अवशेष आहेत. स्नानगृहं म्हणजे थर्मे. त्यावरून त्या भागाला टर्मिनी नाव पडलं आणि स्टेशनाने ते उचललं. थोडक्यात, आपण ज्याला शेवट समजत होतो ते न्हाणीघर.

"आणि आपलं टर्मिनस?"

"ते म्हणजे दगड. हद्दीचा."

तात्या एकदम ताठ बसले. त्यांचा आणि चुलतभावाचा अडीच हात गडग्यावरून सतरा वर्षं दावा चालू आहे. मुंबईला ते आले होते तेही त्याच भावकीतल्या एकाची सही घ्यायला. हद्दीचा दगड म्हटल्यावर त्यांना झोप कुठली?

मग मी सांगत सुटलो. रोमन लोकांनी हद्दीच्या दगडाचा देव केला आणि त्याचंही नाव टर्मिनस ठेवलं. दगड रोवायच्या आधी खड्ड्यात बळी देऊन होम करायचे आणि तापल्या राखेवरच दगड बसवायचे. न्यूमा राजाच्या नावावर सांगितला जाणारा कायदा तर असा, की नांगरताना जो हद्दीचा दगड उपटेल तो आणि त्याचे बैल, दोघेही शापित.

"बैलांनी काय केलं?" तात्या म्हणाले. "आपला गद्धेगळ बरा. शाप माणसालाच." शिलाहारांच्या काळातले ते दानाचे दगड कोकणात ठिकठिकाणी सापडतात. दान दिलेल्या जमिनीला हात लावणाऱ्यासाठी त्यावर गाढवाचं असं काही चित्र कोरलेलं असतं, की ते बायकामुलांसमोर समजावून सांगता येत नाही.

तात्यांना पटलं नाही ते एकच. 23 फेब्रुवारीला रोममध्ये टर्मिनालिया नावाचा सण असायचा. हद्दीच्या दोन्ही बाजूंचे शेजारी दगडाला आपापल्या अंगाने हार घालायचे, धान्य नि मध वाहायचे आणि तिथेच एकत्र जेवायचे. "शेजारी? एकत्र?" तात्यांनी दोनदा विचारलं. ते आणि त्यांचा चुलतभाऊही वर्षातून चारदा भेटतात, पण कोर्टाच्या व्हरांड्यात.

खरी कथा तर पुढेच. रोमच्या कॅपिटोल टेकडीवर ज्युपिटरचं मोठं देऊळ बांधायचं ठरलं, तेव्हा तिथल्या लहान देवांना हलवण्यासाठी कौल लावला. बाकीच्यांनी मुकाट्याने जागा दिली. टर्मिनस हटेना. शेवटी देवांच्या राजाच्या देवळातच त्याला तसाच ठेवला आणि वर छपराला भोक पाडलं, कारण त्याची पूजा उघड्या आभाळाखालीच व्हायला हवी. तात्यांनी हे ऐकून मांडीवर थाप मारली.

या दगडाची पिलावळही मोठी. विम्याची टर्म, विमानतळाचं टर्मिनल, सगळी त्याचीच नातवंडं. एक्स्टर्मिनेट म्हणजे मुळात हद्दीबाहेर हाकलणं. आमच्या सोसायटीत झुरळं मारणारा दर महिन्याला येतो आणि खरोखरच तेवढंच करतो. आमची झुरळं शेजारच्या विंगमध्ये जातात, आणि महिन्याने परत येतात.

सही झाल्यावर संध्याकाळी तात्यांना "खरं टर्मिनस" दाखवायला नेलं. स्टीव्हन्सने 1878 पासून दहा वर्षं खपून उभी केलेली ती इमारत बघून झाली आणि आम्ही लोकल धरली. रूळ तिथे बफरला टेकून संपतात, पण मुंबईकराच्या लेखी गाडी तिथेच सुरू होते. मोटरमन आपली पेटी घेऊन या टोकाकडून निघतो, गार्ड त्या टोकाकडून. फलाटावर दोघांची गाठ पडते आणि गाडीचं शेपूट तोंड होतं. तेवढ्या मिनिटभरात जो चढला त्याला खिडकी. धक्क्याबरोबर आत गेलेल्या तात्यांना ती मिळाली.

दादरला एक आडवातिडवा गृहस्थ चौथ्या सीटसाठी वाकला. "काका, जरा सरका."

तात्यांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "आपण ज्युपिटर का?"

त्याला काय कळणार? बिचारा माटुंग्यापर्यंत लोंबकळत राहिला. मग पाटी दिसली. इंग्रजीत सायन, मराठीत शीव.

"ही कुणाची शीव?" तात्यांनी विचारलं.

"मुंबई बेटाची. बेट इथे संपायचं, पलीकडे साष्टी."

"मग आता कुठाय ती?"

"1957 साली मुलुंडपर्यंत सरकली."

तात्या थोडा वेळ बाहेर बघत राहिले. मग दाव्याचा निकाल विरोधात गेल्यासारखं तोंड करून चार बोटं आत सरकले.