पितळी कडीचे रंगमोचन

जुन्या वाड्याच्या दारावरील पितळी कडी-कोयंडे, मुठी व बिजागऱ्या यांवर दाराबरोबरच तेलरंगाचा हात फिरविण्याची जी वहिवाट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने पाळली गेली, तिचे मूळ सौंदर्यदृष्टीत नसून चार मळसूत्री खिळे काढण्याच्या आळसात आहे, हे प्रथम दप्तरी नमूद करावे आणि मगच कामास हात घालावा.

प्रारंभी लोहचुंबक लावून वस्तूच्या कुळाची चौकशी करावी. तो चिकटल्यास ती वस्तू मुलामा दिलेले लोखंड ठरते, आणि तिच्यावरील रंग काढताना घराण्याच्या प्रतिष्ठेखेरीज काहीही उजेडात येणार नाही.

पॉलिशपेपर घेऊन सरसावलेल्या उत्साही आप्ताकडून तो तात्काळ जप्त करावा. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात 90 भागांची मर्यादा घालणारे नियम सरकारने 2016 साली काढले. आपल्या कडीवरील थर त्याआधीचे असल्याने त्यांची कोरडी धूळ फुप्फुसांत दाखल करून घेणे इष्ट नव्हे.

यानंतरचा टप्पा सर्वांत बिकट, तो म्हणजे स्वयंपाकघरातून स्टीलचे पातेले मिळविणे. ॲल्युमिनियमचे चालणार नाही, कारण त्यात घालावयाचा धुण्याचा सोडा ते खातो. आणि मिळालेले पातेले स्वयंपाकास पुन्हा कधीही वापरता येणार नाही, ही बाब मंजुरीपूर्वीच निवेदन करण्याचे धैर्य ज्याच्या अंगी असेल त्याने ते करावे, इतरांनी भंगारवाल्याकडून तजवीज करावी. त्यात पाणी व चमचा-दोन चमचे धुण्याचा सोडा घालून, खिडक्या उघड्या ठेवून, मंद आचेवर वस्तू काही तास शिजू द्यावी. उष्णतेने पितळ व रंग सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, सोडा रंगातल्या तेलाचा साबण करू लागतो, आणि आजोबांचा हिरवा, काकांचा तपकिरी व भाडेकरूचा करडा हे तिन्ही थर, हयातीत कधी एकमत न झालेल्या त्या मंडळींच्या वतीने, एकत्रच सुटून येतात. या अवधीत गृहस्थाचे कर्तव्य एवढेच, की दर पाच मिनिटांनी झाकण उचलू नये. उरलेला रंग ओला असतानाच लाकडी काडीने काढावा. तारेचा ब्रश पितळेवर कायमचे ओरखडे पाडतो.

रंग निघाल्यावर पितळ उजळण्यासाठी चिंचेचा कोळ लावावा, पण विसरून बसू नये, कारण आम्लात फार काळ राहिलेल्या पितळेतले जस्त निघून जाते व तांब्याचे लाल डाग उमटतात. नक्षीच्या खाचांतला काळसरपणा तसाच राहू द्यावा. तोही नको असल्यास बाजारात यंत्रावर झिलई करून देणारे कारागीर आहेत. ते काळेपणाबरोबर नक्षीही साफ करतात, आणि त्याची वेगळी मजुरी घेत नाहीत.