कोहेनच्या तिजोरीचे बिनपगारी मुनीम

न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाने शेवटचं अजिंक्यपद मिळवलं १९८६ साली. उन्हाळ्यात ही आठवण काढली तर मेट्सचा चाहता विषय बदलतो. डिसेंबरात काढून पाहा. तो तुम्हाला बसायला खुर्ची देईल, कॉफी पाजेल आणि आवाज खाली आणून विचारेल, "पगाराच्या बजेटात आपल्याकडे नेमकी किती जागा उरलीय, काही अंदाज?"

बेसबॉलचा मोसम मार्चअखेरीस सुरू होतो, प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि थंडी पडली की मैदानांना कुलूप लागतं. पुढचे काही महिने चेंडू नजरेला पडत नाही. या दिवसांत चाहता प्रेक्षकातून उठून थेट संचालक मंडळावर जाऊन बसतो. मानधन नाही, सही करायचा अधिकार नाही, मालकाला त्याचं नावसुद्धा ठाऊक नाही. पण दुसऱ्याचे कोट्यवधी डॉलर कुठे लावावेत, या काळजीने झोप मात्र याची उडालेली असते.

आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात लखनौने ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं आणि आपण सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. तिथे खेळाडूला पसंती कोणी विचारत नाही. तो घरी टीव्हीसमोर बसून स्वतःचा भाव पाहतो. बेसबॉलमध्ये उलटं. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची नोकरी भरली आणि करार संपला की खेळाडू 'फ्री एजंट' होतो, आणि मालक त्याच्या दारात रांग लावतात. म्हणजे हा सरळसरळ बघण्याचा कार्यक्रम. फक्त पोहे मालकाने करून आणायचे.

पंतच्या लिलावानंतर दोनच आठवड्यांनी हुआन सोटो या सव्वीस वर्षांच्या स्थळाचा निकाल लागला. वधूपिता म्हणा, मध्यस्थ म्हणा, एजंट स्कॉट बोरास बैठकीला. पलीकडे मेट्सचे मालक स्टीव्ह कोहेन, ज्यांनी शेअर बाजारात अब्जावधी कमावले आणि २०२० मध्ये हा संघ विकत घेतला. ठरलं किती? पंधरा वर्षांचे ७६ कोटी ५० लाख डॉलर. तेव्हाच्या दराने साडेसहा हजार कोटी रुपयांच्या घरात. सोटो आदल्या मोसमात ज्यांच्याकडून खेळला, त्या यांकीज संघानेही सोळा वर्षांचे ७६ कोटी देऊ केले होते, अशा बातम्या होत्या. मग अडलं कुठे? सोटोच्या कुटुंबाला मैदानात खास खोली फुकट द्यायची की नाही यावर, असंही छापून आलं. शहात्तर कोटी मोजायला तयार असलेला व्याही नारळ-टॉवेलवरून उठून गेला म्हणायचं. मानपानाचं महत्त्व आपल्या आत्याबाई उगीच सांगत नव्हत्या.

यांकीजच्या चाहत्यांना दुसऱ्याच दिवशी साक्षात्कार झाला, की सोटोचं क्षेत्ररक्षण मुळात सुमार आहे. ऑक्टोबरात त्याच सोटोने षटकार हाणून संघाला वर्ल्ड सीरिज या अंतिम मालिकेत नेलं होतं, तेव्हा हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या मे महिन्यात तो मेट्सच्या गणवेशात यांकी स्टेडियमवर आला, तर उजवीकडच्या बाकांवरच्या मंडळींनी त्याच्याकडे पाठ करून निषेध नोंदवला. तिकीट काढून मैदानाकडे पाठ करून उभं राहण्याइतकं सात्त्विक आंदोलन मी आपल्याकडेही पाहिलेलं नाही.

क्वीन्समध्ये, म्हणजे मेट्सच्या मुलखात, आमचे एक शेजारी आहेत. टपालखात्यातून निवृत्त, वय एकाहत्तर. पेट्रोल दोन सेंटने स्वस्त मिळतं म्हणून पूल ओलांडून न्यू जर्सीत जाणारा हा गृहस्थ. पुलाचा टोल वेगळा, पण त्यावर बोलायचं नाही. सोटोचा आकडा ऐकून ते म्हणाले, "वाजवी आहे." मी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना खटकत होतं ते वेगळंच. "करार २०३९ पर्यंत आहे. शेवटी शेवटी गुडघे साथ देतील का त्याचे?" तेव्हा हे स्वतः पंचाऐंशीचे असतील आणि यांचे गुडघे आजच लोकल गाडीचा जिना चढताना दोनदा थांबतात, पण रात्री झोप उडते ती सोटोच्या वंगणाच्या चिंतेने.

त्यांना दुसरी चिंता कराची. बेसबॉलमध्ये पगारावर कडक मर्यादा नाही, पण उंबरठा आहे. २०२५ मध्ये तो २४ कोटी १० लाख डॉलरचा होता. तो ओलांडला की दंड, आणि वर्षानुवर्षं ओलांडून सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसलात तर वरच्या प्रत्येक डॉलरमागे एक डॉलर दहा सेंट. ही पायरी कोहेन यांच्यासाठीच बांधली, असं मानून लोकांनी तिला त्यांचंच नाव देऊन टाकलं. शेजारी हा कर कागदावर मांडून दाखवतात. स्वतःचं विवरणपत्र मात्र ते जावयाकडून भरून घेतात, कारण त्यांना म्हणे आकडे कळत नाहीत.

आमचा भाचा न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. जन्म तिथलाच, मराठी बोलतो, पण 'तुम्ही' आणि 'तू' यांच्या मध्ये कुठेतरी. त्याचा देव निराळा. त्याचं नाव 'वॉर'. एखाद्या खेळाडूच्या जागी रस्त्यावरून उचलून आणल्यासारखा कामचलाऊ गडी उभा केला असता तर संघाने किती सामने कमी जिंकले असते, याचा हा हिशेब. मग एका विजयाला बाजारभाव काढायचा, त्याला वर्षांनी गुणायचं, वयाची घट वजा करायची, आणि उत्तर आलं की तुच्छतेने म्हणायचं, "ओव्हरपे." हा कामचलाऊ गडी प्रत्यक्षात कोणी पाहिलेला नाही, त्याला नाव नाही, पगार नाही, पण सगळ्या बेसबॉलची मोजदाद त्याच्यावर चालते. भाच्याने एकदा गणित मांडून मला पटवलं की तीस वर्षांवरच्या माणसाला पाच वर्षांचा करार देणं हा मूर्खपणा. त्यानंतर आठवडाभराने त्याने स्वतःच्या घरासाठी तीस वर्षांचं कर्ज काढलं.

हिवाळ्यात हे सगळे लोक अधूनमधून डॉक्टरही होतात. २०२२ च्या डिसेंबरात कार्लोस कोरेया या खेळाडूचं सॅन फ्रान्सिस्कोशी तेरा वर्षांचं, पस्तीस कोटींचं जमलं आणि वैद्यकीय तपासणीत फिसकटलं. कोहेन यांनी लगोलग बारा वर्षांचे साडेएकतीस कोटी ठेवले. तेही तपासणीत अडकलं. दोनदा साखरपुडा मोडला, आणि दोष निघाला तो पत्रिकेत नव्हे, घोट्यात. किशोरवयात बसवलेली पट्टी. अखेर मिनेसोटाने सहा वर्षं आणि वीस कोटींवर त्याला पदरात घेतलं. त्या तीन आठवड्यांत क्वीन्समधल्या न्हाव्याच्या दुकानात घोट्याच्या अस्थींवर जी चर्चा मी ऐकली, ती ऐकून एखादं वैद्यकीय महाविद्यालय तिथेच सुरू करता आलं असतं. दाढी अर्धी झालेला एक इसम म्हणत होता, "मी एक्स-रे पाहिला नाही, पण मला पटत नाही." यापेक्षा प्रामाणिक निदान मी खाजगी दवाखान्यातही ऐकलेलं नाही.

टोरांटोकरांनी तर विमानही सोडलं नाही. ८ डिसेंबर २०२३ ला शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूचा निर्णय होणार होता आणि कॅलिफोर्नियाहून एक खाजगी विमान टोरांटोकडे निघालं होतं. झालं! हजारो लोक नकाशावरचा तो ठिपका डोळ्यात तेल घालून पाहत बसले. कामधंदा बंद. विमान उतरलं, दार उघडलं आणि खाली आला रॉबर्ट हर्जावेक, अमेरिकन 'शार्क टँक'मधला उद्योगपती. बिचारा सहकुटुंब घरी आला होता. ओहतानीने दुसऱ्या दिवशी लॉस एंजेलिसच्या डॉजर्सचं नाव जाहीर केलं.

त्या ओहतानीचा करार मला फार आवडतो. दहा वर्षांचे सत्तर कोटी डॉलर. त्यातले अडुसष्ट कोटी नंतर, २०३४ ते २०४३ या दहा वर्षांत द्यायचे. आज वर्षाला वीस लाख. यावर जाणकार म्हणाले, काय विलक्षण डोकं! आता याच्याशेजारी मेट्सचा जुना खेळाडू बॉबी बोनिया ठेवून पाहा. २००० साली त्याला घरी पाठवताना मेट्स ५९ लाख डॉलर देणं लागत होते. तेव्हाच्या मालकांनी ते आठ टक्के व्याजाने पुढे ढकलले. परिणामी २०११ पासून दर १ जुलैला बोनियाला ११ लाख ९३ हजार २४८ डॉलर आणि वीस सेंट मिळतात, आणि २०३५ पर्यंत मिळत राहतील. त्याने मेट्ससाठी शेवटचा चेंडू खेळला १९९९ मध्ये. दर १ जुलैला सगळी अमेरिका यावर पोट धरून हसते. देणं पुढे ढकलणं तेच. डॉजर्सनी ढकललं तर अर्थशास्त्र, मेट्सनी ढकललं तर विनोद. अर्थात डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ ही दोन्ही अजिंक्यपदं जिंकली, हेही सांगायला हवं. हिशेबाची वही जिंकणाऱ्याची असेल तर त्यातल्या खाडाखोडीलाही नक्षी म्हणतात.

मेट्सचं काय झालं? २०२३ मध्ये त्यांनी मॅक्स शेर्झर आणि जस्टिन व्हर्लँडर या दोन म्हाताऱ्या गोलंदाजांना वर्षाला चार कोटी तेहतीस लाख डॉलर, प्रत्येकी, देऊन पाहिले. ७५ विजय, ८७ पराभव. दोघांनाही मोसमाच्या मध्यातच दुसरीकडे धाडलं आणि त्यांच्या पगाराचा मोठा वाटा बरोबर बांधून दिला. २०२५ च्या जूनमध्ये संघ साऱ्या लीगमध्ये अव्वल होता. शेवटच्या दिवशी मायामीत शून्याविरुद्ध चार धावांनी हरून बाद फेरीच्या बाहेर. यात सोटोचा दोष काढावा तर त्याने ४३ षटकार मारलेले. मे महिन्यात "पळतच नाही" म्हणून ज्याच्या नावाने शंख झाला, त्याने वर्षभरात ३८ वेळा पळून पुढचा बेस चोरला. चाहते आता म्हणतात की तो हसत नाही.

पण मनापासून सांगायचं तर मला राग येतो तो निष्ठेच्या गप्पांचा. पीट अलोन्सो मेट्समध्येच घडला, संघाच्या इतिहासात सर्वाधिक षटकार त्याचे. २०२५ च्या नोव्हेंबरभर शेजारी आणि भाचा दोघांचं एकमत होतं: एकतीस वर्षांचा होतोय, उतरणीला लागणार, जाऊ द्यावा. डिसेंबरात तो बाल्टिमोरला गेला, पाच वर्षं, साडेपंधरा कोटी. त्याच आठवड्यात गोलंदाज एडविन डियाझ डॉजर्सकडे गेला. तर हेच दोघे सुतकात! "पैशासाठी गेले." आणि त्याआधी काही दिवस मेट्सने ब्रँडन निमोला, सगळ्यात जुन्या खेळाडूला, टेक्सासला देऊन टाकलं, तेव्हा काय म्हणाले? "धोरण म्हणून योग्य." म्हणजे खेळाडू गेला तर गद्दार, मालकाने घालवला तर दूरदृष्टी. आपल्याकडेही माणसं संघ बदलतात, अगदी रातोरात, गुवाहाटीमार्गे. फरक इतकाच, की इथे आधी सहा वर्षं थांबावं लागतं आणि आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो.

हा जाण्याचा हक्क कोणी फुकट दिलेला नाही. १९६९ मध्ये सेंट लुईसच्या कर्ट फ्लड याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याने जायला नकार दिला आणि आपण कोणाची खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, असं बेसबॉलच्या आयुक्तांना लेखी कळवलं. चांगला नव्वद हजारांचा पगार सोडून तो कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. कारकीर्द संपली ती संपलीच. तीन वर्षांनी दुसऱ्या दोघांच्या प्रकरणात लवादाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि दार उघडलं. फ्लडला त्यातून छदाम मिळाला नाही. सोटोच्या शहात्तर कोटींवर बोटं मोडणाऱ्यांना त्याचं नाव विचारलं, तर ते म्हणतात, "त्याचा 'वॉर' किती होता?"

खेळाडू आणि मालक यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. अनेक मालकांना आता पगारावर पक्की मर्यादा हवी आहे. अमेरिकेतल्या चार मोठ्या खेळांपैकी ती नसलेला बेसबॉल हा एकटाच. खेळाडूंची संघटना नको म्हणते. आमचे शेजारी मालकांच्या बाजूने आहेत, भाचाही, आणि न्हाव्याच्या दुकानातलं अर्ध्या दाढीचं मतही त्यांच्याचकडे. मैदानातल्या तिकिटावर, पार्किंगवर किंवा बिअरच्या पेल्यावर मर्यादा मागणारा एकही जण मला अजून भेटलेला नाही.